मोकळा वाफा

आमच्या घरमालकांना ‘असू शकतं’ हे दोन शब्द अजिबात खपत नसत. एस.टी. स्टँडवर कंट्रोलर ‘गाडी येऊ शकते’ म्हणाला की ते खिडकीसमोरून हलायचे नाहीत. “येनार का न्हाई, येवढं सांगा. शकतं-बिकतं घरी ठिवा.” सत्त्याण्णव साली मी ओतूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला रुजू झालो आणि त्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी मी म्हणालो, “तीन-चार वर्षं राहीन असं वाटतं.” त्यांनी पुढे केलेली किल्ली परत खिशात घातली. “तीन का चार?” मी घाईघाईने चार म्हणालो तेव्हा किल्ली मिळाली. प्रत्यक्षात सहा वर्षं राहिलो, आणि पाचव्या वर्षापासून दर महिन्याला मला त्यावरून ऐकून घ्यावं लागलं.

मालक पन्नाशीचे होते. उंच, जरा पुढे वाकलेले, डोक्यावर टोपी आणि भर वैशाखातसुद्धा मनगटापर्यंत बटणं लावलेला सदरा. कांदा आणि टोमॅटो करायचे. शेती सगळ्यांसारखीच, एक खोड सोडून. फार पूर्वी एका कृषी सहायकाने गावात येऊन सांगितलं होतं की नवीन औषध मारताना एक वाफा तसाच सोडावा, म्हणजे पिकात पडलेला फरक औषधाचा की हवामानाचा, ते कळतं. बाकीच्यांनी चहा घेतला आणि ऐकलेलं तिथेच सोडून घरी गेले. मालकांच्या मात्र ते डोक्यात बसलं. त्या दिवसापासून त्यांच्या रानात दर हंगामाला एक वाफा मोकळा असायचा. करपा येऊन त्या वाफ्यातली पात पिवळी पडायची, बांधावरून जाणारे हळहळायचे, आणि मालक तिथे उकिडवे बसून समाधानाने बघत राहायचे. “आता कळलं. बाकीचा औशदानंच राहिला.”

ही खोड रानातच राहिली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. एका पावसाळ्यात घरात मुंग्या झाल्या. मालकांनी कसलीशी पांढरी पूड आणून सगळ्या उंबऱ्यांवर टाकली, फक्त माझ्या उंबऱ्यावर टाकली नाही. चार दिवस माझ्या अंथरुणात, साखरेत आणि पेपर तपासायच्या गठ्ठ्यात मुंग्या होत्या. मी तक्रार घेऊन गेलो तर ते खूश झाले. “म्हंजे पावडर चालतीय. न्हाईतर मला वाटलं व्हतं, मुंग्या आपसूक गेल्या का काय.” मालकीणबाई, म्हणजे आमच्या काकू, चुलीपुढून म्हणाल्या, “सर, तुमी मुंग्यांवर सुटला. एक दिस ह्ये मला मोकळा वाफा म्हनून माहेरी ठिवतील आन घर कसं चालतंय ते बघतील.”

घरात आणखी एक माणूस होतं, मालकांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नव्हतं. दोन वर्षांनी लहान, तोंडवळा तोच, पण बोलणं जवळपास नाहीच. दादा बोलतो तेवढं घरात पुरे, असं त्यांचं धोरण असावं. दोघं सोळा-सतरा वर्षांचे असल्यापासून एकाच बंडलातून बिडी ओढत आले होते. सकाळी गुरांचं झालं की दोघं ओट्यावर बसायचे, धाकटे एकाच काडीवर दोन बिड्या पेटवायचे, आणि ती काडी विझेपर्यंत हातात धरून ठेवायचे. मला तो धूर सहन व्हायचा नाही, पण तो देखावा मी खिडकी लावता लावता रोज बघायचो.

मालकांच्या पूर्ण बाह्यांचं कारण मला पहिल्या हिवाळ्यात कळलं. दोन्ही कोपरांवर आणि गुडघ्यांवर लाल चट्टे, त्यांवर चांदीसारखा पांढरा कोंडा. तो गळायचा. ओट्यावरून उठताना ते खिशातला रुमाल काढून बसलेली जागा झटकायचे, मग दुसऱ्याला “बसा” म्हणायचे. तोपर्यंत मला वाटत होतं, माणूस स्वच्छतेचा फार आहे.

गावात कुणी त्याला कोड म्हणायचं, कुणी त्याच्यापेक्षा वाईट काहीतरी हळू आवाजात म्हणायचं. तोंडावर मात्र कुणी काही बोललं नाही, आणि खरं दुखणं तेच होतं. दर चैत्रात गावात हरिनाम सप्ताह व्हायचा आणि शेवटच्या दिवशी मासवडीचं जेवण. बेसनाच्या पातळ थरात तीळ-खोबऱ्याचं सारण भरून केलेली ती वडी आणि झणझणीत रस्सा, यासाठी आमच्या भागात माणूस लांबून चालत येतो. वीस वर्षं त्या पंगतीत मालक मासवडी वाढायचे आणि त्यांच्या मागून धाकटे रश्श्याची बादली घेऊन यायचे. कुणाच्या पानात काय संपलंय ते मालकांना पानाकडे न बघता कळतं, असं लोक सांगायचे. चट्टे दिसायला लागल्यावर एका वर्षी कमिटीतले दोघं-तिघं आले आणि म्हणाले, “दादा, तुमी आता मोठी मानसं. तुमी खुर्ची टाकून नुसतं लक्ष ठिवा, पोरं वाढतील.” मान राखूनच बाजूला केलं. मालक खुर्चीवर बसले. धाकट्यांनी रश्श्याची बादली खाली ठेवली आणि भावाच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनाही कुणी काही बोललं नाही. हे मला काकूंनी सांगितलं. मालकांनी सहा वर्षांत या विषयावर एकच वाक्य उच्चारलं होतं, “मला परत परात धरायचीय.”

नारायणगावला आठवड्यातून एकदा पुण्याहून कातडीचे डॉक्टर यायचे. मालक मला सोबत घेऊन गेले, कारण मी ‘सायन्सचा’ होतो. मी त्यांना पुष्कळदा समजावलं होतं की माझं सायन्स शेवाळापासून सुरू होतं आणि नेच्यापाशी थकतं. पण त्यांच्या लेखी सायन्स एकच होतं. डॉक्टरांनी कोपर बघितले, रोगाचं नाव सोरायसिस म्हणून सांगितलं, हा कुणाला लागत नाही हेही सांगितलं, आणि मग विचारलं, “बिडी ओढता?”

“ओढतो.”

“सोडा. बिडीचा आणि याचा संबंध असू शकतो.”

मी डोळे मिटून घेतले.

“आसू शकतो म्हंजे?” मालक म्हणाले. “हाय का न्हाई?”

डॉक्टर चांगले होते, वैतागले नाहीत. म्हणाले, “बिडी ओढणाऱ्यांत हा जास्त दिसतो, ओढणाऱ्याचा जास्त चिवटही असतो. पण न ओढणाऱ्यालाही होतो, आणि ओढणाऱ्या सगळ्यांना होतच नाही. सोडल्यावर बरं वाटू शकतं. जाईलच, असं मी लिहून देणार नाही. थंडीत वाढतो, उन्हात कमी होतो, मनाला त्रास झाला तरी वाढतो.” मग त्यांनी एक मलम लिहून दिलं.

परतीच्या एस.टी.त मालक खिडकीबाहेर बघत बसले होते. आळेफाटा गेल्यावर म्हणाले, “सर, ह्या बाबाला काय बी ठाऊक न्हाई. बिडीनं चट्टं आलं, का चट्ट्याच्या काळजीनं मी बिडी जास्त वढाय लागलो? आधी काय?” मी विचार केला आणि म्हणालो, “दोन्ही असू शकतं.” पुढे ओतूरपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

मलमाचा प्रयोग त्यांनी आपल्या पद्धतीने केला. उजव्या कोपराला मलम, डावा मोकळा. महिन्याभरात उजवा बराच निवळला आणि डावा होता तसाच राहिला. इथपर्यंत ठीक होतं, मीही कौतुक केलं. माझ्याकडून त्यांनी कॉलेजातले आलेखाचे कागद मागून नेले, चट्ट्यावर पातळ प्लास्टिक ठेवून बॉलपेनने कड गिरवायची आणि ती कागदावर उतरवायची असा उद्योग सुरू केला. त्याला ते नकाशे म्हणायचे. तलाठ्याने काढावेत तसे नेटके, वर तारीख आणि ‘डावं कोपर’, ‘उजवं कोपर’, आणि सगळे ओट्यावरच्या खिळ्याला अडकवलेले. पण मलम थांबवलं की चट्टे परत यायचे, म्हणून त्यांनी गाडी बिडीकडे वळवली.

एका सकाळी मी दार उघडलं तर मालक ओट्यावर बसलेले, उजव्या हातात बिडी, आणि डावा हात खांद्यापर्यंत खताच्या गोणीतल्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर सुतळीने बांधलेला. समोर धाकटे नेहमीसारखे धूर सोडत बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

“डाव्याला धूर लागू द्यायचा न्हाई,” मालक म्हणाले. “महिन्यानं बघू कोंचं कोपर निवाळतंय.”

मी त्यांना समजावून सांगितलं की धूर बाहेरून लागत नाही, छातीत जातो, तिथून रक्तात जातो, आणि रक्त दोन्ही कोपरांना एकच. हे त्यांना ताबडतोब पटलं. त्यांनी सुतळी सोडली. पण मग चिंतेत पडले. “म्हंजे अख्खं आंग येकच वाफा झाला. मग मोकळा वाफा आनायचा कुठनं?”

असं म्हणून त्यांनी समोर बघितलं. समोर धाकटे होते.

पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे, म्हणून ते मी जरा सावकाश सांगतो. मालक उठून उभे राहिले आणि हिशेब मांडायला लागले. एकच बियाणं, एकच रान, एकच चुलीचं खाणं, एकाच बंडलातली बिडी. एकाला रोग, दुसऱ्याची कातडी तुळतुळीत. आता दिवाळी झाली की एकाने बिडी सोडायची आणि दुसऱ्याने चालू ठेवायची. चैत्रात सप्ताहाच्या आधी बघायचं. मला विचारलं, “सायन्सप्रमानं बरोबर का?” दोन माणसांवरून काही कळत नाही, आणि एकाला रोगच नसताना त्याची तुलना कसली, हे मी सांगायला हवं होतं. थोडंसं सांगितलंही. पण सकाळची वेळ होती, मला पहिला तास होता, आणि खरं सांगायचं तर मला गंमत वाटत होती. मी म्हणालो, “एक नियम पाळा. एकच गोष्ट बदला, बाकी सगळं होतं तसंच ठेवा.” हे वाक्य मी दर वर्षी अकरावीच्या मुलांना सांगायचो.

दिवाळीच्या पाडव्याला मालकांनी बिडी सोडली. ओट्यावर बसून म्हणाले, “आजपासनं बंद.” धाकट्यांनी नुकतीच पेटवलेली बिडी बघितली, दगडावर विझवली आणि म्हणाले, “तू सोडतूस तर मी बी सोडतो, दादा.”

मी सहा वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब वाक्य होतं. मालक त्यांच्यावर खेकसले. “तू सोडलीस तर कळायचं कसं? तुला वढायलाच पायजे. सरांनी काय सांगितलं, ध्येनात न्हाई का?” धाकट्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हसत होतो. काकूही हसत होत्या. धाकट्यांनी ती बिडी परत पेटवली.

तो हिवाळा फार कडक होता. माळशेजकडून येणारा वारा दुपारीही अंगात भरायचा. बिडी सोडलेल्या मालकांचे चट्टे कमी व्हायच्याऐवजी वाढले. नकाशातली गावं एकमेकांना भिडली. ते चिडचिडे झाले, कांद्याच्या लागणीला आलेल्या बायकांवर ओरडायचे. मी म्हणालो, थंडीमुळे असेल. ते म्हणाले, बिडी सोडल्यामुळे असेल. काकू म्हणाल्या, चिडल्यामुळे असेल. तिघांचंही बरोबर असू शकत होतं, पण तसं म्हणायची सोय नव्हती.

धाकटे मधूनमधून चुकवायला बघायचे. एकदा त्यांच्या बंडीच्या खिशात सात-आठ बिड्या न ओढलेल्या सापडल्या. त्यानंतर मालक स्वतः समोर बसून त्यांच्याकडून ओढवून घ्यायला लागले. काडीही तेच पेटवायचे. धाकटे खोकायचे, थांबायचे, परत ओढायचे. मालक पुढे वाकून तो धूर नाकाने घ्यायचे. काकू मला म्हणाल्या, “सोडली म्हनत्यात, पर नाकानं चालूच हाय की.” आम्ही परत हसलो. नकाशांच्या खिळ्याला धाकट्यांचेही कागद लागले होते. दर महिन्याला मालक त्यांचे कोपर उजेडात धरून बघायचे, उतरवण्यासारखं काही नसायचं, मग कागदावर वर फक्त तारीख आणि भावाचं नाव लिहून कोराच कागद खिळ्याला अडकवायचे.

चैत्रात ऊन तापलं आणि चट्टे खरोखरच ओसरले. बिडीमुळे की उन्हामुळे, देव जाणे. मालकांनी ठरवलं, बिडीमुळे. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी ते कुणाला न विचारता परात उचलून पंगतीत उतरले. मागे धाकटे बादली घेऊन. मी पंगतीतच बसलो होतो. पहिलीच फेरी, पानात अजून मीठसुद्धा नीट पोचलं नव्हतं. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यांनी मालक जवळ येताच पानावर आडवा हात धरला. “नगं, पोट भरलंय.” त्यांच्या पलीकडच्याचंही पोट भरलं होतं. मालकांनी पाचव्या पानापर्यंत वाट बघितली आणि परात एका पोराच्या हातात दिली.

घरी येऊन त्यांनी सदऱ्याची बाही कोपराच्या वर ओढली, ओट्यावर बसले आणि भावापुढे हात केला. धाकट्यांनी एका काडीवर दोन बिड्या पेटवल्या. प्रयोग तिथे संपला. त्यातून काय सिद्ध झालं, हे आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं.

पुढच्या दोन हिवाळ्यांत धाकट्यांचा खोकला गेला नाही. ते एकदा स्वतःहून माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, “सर, आता सोडाय बगतो, पर सुटंना.” दुसऱ्या हिवाळ्यात, लागणीच्या दिवसांत, ते बांधावर बसले आणि उठले नाहीत. पुण्याला नेईपर्यंत श्वास थांबला होता.

स्मशानातून परत येताना मालकांनी खिशातलं बंडल काढून नदीच्या कडेला ठेवलं आणि पुन्हा बिडीला हात लावला नाही. कुणाला सांगितलंही नाही. चट्टे मात्र असे उसळले की पाठ, मान, डोक्याची कड, काही राहिलं नाही. नारायणगावच्या डॉक्टरांना मी एकटाच जाऊन भेटलो. ते म्हणाले, “धक्क्याने वाढू शकतो.” मी त्यांना धन्यवाद दिले.

तेराव्याच्या जेवणाला भावकी, गाव, तळेघरकडचे पाहुणे, सगळे आले होते. मालकांनी अर्ध्या बाहीची बंडी घातली होती. दोन्ही हात खांद्यापर्यंत लाल आणि पांढरे. त्यांनी परात घेतली. रश्श्याची बादली कुणी उचलायची हे कुणाला सुचेना, म्हणून मी उचलली. ते एकेका पानापुढे वाकत होते आणि कुणीही हात आडवा धरला नाही. सप्ताहात पोट भरलेले म्हातारेही होते. त्यांनी दोनदा मागून घेतलं. मालकांच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता ते त्यांना मिळत होतं, आणि मी मागून रस्सा सांडत चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर एकटेच बसले होते. खिळ्यावरचे सगळे नकाशे काढून मांडीवर घेतले होते. मी कॉलेजला निघालो होतो. त्यांनी मला थांबवलं, रुमालाने शेजारची जागा झटकली आणि “बसा” म्हणाले.

“सर, त्याला सोडायची व्हती. मी सोडू दिली न्हाई. त्या हिवाळ्याचा आन त्याच्या छातीचा संबंध हाय का?”

मला उत्तर माहीत होतं. तीस-पस्तीस वर्षं ओढलेल्या बिडीपुढे पाच महिने म्हणजे काही नाही, आणि त्याच पाच महिन्यांत ती सुटलीही असती. जगातला कुठलाही डॉक्टर दोनच शब्द म्हणाला असता. आणि ‘बाकी सगळं होतं तसंच ठेवा’ हे वाक्य माझं होतं.

“नाही,” मी म्हणालो. “काही संबंध नाही.”

त्यांनी मांडीवरचे कागद सारखे केले.

“येवढ्या वर्सांत,” ते म्हणाले, “आज पयल्यांदा तुमी नक्की बोललात.”

मग त्यांनी स्वतःच्या कोपरांचे नकाशे माझ्या हातात दिले, तुमच्या कॉलेजाचे कागद तुम्हीच ठेवा म्हणाले. धाकट्यांचे पाच कोरे कागद तेवढे त्यांनी वेगळे काढले, घडी घातली आणि बिडीचं बंडल ठेवायच्या खिशात ठेवले.